गेटवरच्या वहीतलं 'पर्पज': कारण, काम की प्रयोजन?

लोखंडी_जिना:
सोसायटीच्या गेटवरची वही मराठीत करायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात मारलंय. नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल इथपर्यंत सुरळीत, 'पर्पज'ला अडलो. मी 'येण्याचे कारण' लिहिलं तर आमचे सेक्रेटरी काका (रिटायर्ड संस्कृत शिक्षक) म्हणाले, कारण आधी घडून गेलेलं असतं, पर्पज पुढे असतं, सबब 'प्रयोजन'. तसं छापलं. पहिल्याच दिवशी गॅसवाल्याने त्या रकान्यात स्वतःचं आडनाव लिहिलं. परवा पुन्हा छापायला टाकायचीय, काय लिहू?

दुपारचा_चहा:
वॉचमन काय विचारतो? "काय काम आहे?" मग 'काम' लिहा की.

शेंगदाणे:
भाचीला बघायला आलेला मामा 'काम' म्हणून काय लिहील हो? आणि प्रयोजन तर नकोच. आमची आजी "जोश्यांकडे प्रयोजन आहे" म्हणायची म्हणजे मुंज नाहीतर लग्न, थोडक्यात जेवणावळ. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशातही हा अर्थ सापडेल. गेटवर 'प्रयोजन' वाचून मी तर पाट-पाणी शोधायला लागेन.

नदीपलीकडे:
काकांचं कारण-प्रयोजन शास्त्रात बरोबर, पण बोलण्यात मराठी माणसाने हा भेद कधी पाळलाय? "का आलास?" याला "घरी लाईट नव्हती म्हणून" हेही उत्तर चालतं आणि "पैसे मागायला" हेही. 'हेतू'चं तेच. आपण तो पर्पजसारखा वापरतो, पण न्यायशास्त्रात (कोर्टाच्या नव्हे, तर्काच्या जुन्या भारतीय शास्त्रात) डोंगरावर अग्नी आहे, का, तर धूर दिसतो म्हणून, इथे धूर हा हेतू. आता धुराच्या मनात काही होतं का?

तारीख_पे_तारीख:
बोलण्यात चालेल, आमच्याकडे कोर्टात नाही चालत. मोटिव्ह म्हणजे हेतू, इंटेन्शन म्हणजे इरादा. जमिनीचा वाद हा हेतू, जिवे मारायचं मनात असणं हा इरादा. हेतू सिद्ध नाही झाला तरी बाकी पुरावा भक्कम असेल तर शिक्षा होते. जुन्या भादंविच्या (भारतीय दंड संहितेच्या) कलम ३४ मध्ये कॉमन इंटेन्शन म्हणजे सगळ्यांचा मिळून एक इरादा, आणि १४९ मध्ये कॉमन ऑब्जेक्ट म्हणजे जमावाचं समान उद्दिष्ट; १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलमं ३(५) आणि १९०. पेपरवाले सगळ्याला 'हेतू' म्हणून मोकळे होतात. आणि कायद्याच्या मराठीत पर्पजला प्रयोजनच, 'या अधिनियमाच्या प्रयोजनांसाठी', तिथे कुणी जेवायला थांबत नाही.

स्वच्छ_मराठी:
इरादा कशाला, 'उद्देश' आहे ना आपला. मुद्दा एवढाच की परके शब्द घुसवू नका.

दुपारचा_चहा:
'मुद्दा' पण अरबीच हो दादा 😄

वडाची_पारंबी:
कुणाच्या लक्षात आलं का, पर्पज म्हणजे आपला 'पुरुषार्थ'! पुरुष, पर्प, पर्पज. माणसाने कशासाठी जगायचं तेच तर चार पुरुषार्थ सांगतात, आणि हे इंग्रजांनी इथूनच उचललं.

नदीपलीकडे:
नाही हो. तो फ्रेंचमधून आलाय, 'प्रपोज'चा सख्खा भाऊ. दोन्हीत 'पुढे ठेवणे'. म्हणून तर मुलीला प्रपोज केलं की तिचा बाप पर्पज विचारतो.

शेंगदाणे:
उद्देशवरून आठवलं, आमच्या गावात ग्रामपंचायतीचं 'बहुउद्देशीय सभागृह' आहे, समोर पतसंस्थेच्या पाटीवर 'बहुद्देशीय'. बरोबर कुठलं?

स्वच्छ_मराठी:
दोन्ही चूक. बहु अधिक उद्देश, दोन ऱ्हस्व उ मिळून दीर्घ, 'बहूद्देशीय'.

तारीख_पे_तारीख:
हे वाचताना जीभ अडकते. संधी केलाच पाहिजे असं कुठे आहे, 'बहुउद्देशीय' सगळ्यांना कळतं.

स्वच्छ_मराठी:
कळतं म्हणून बरोबर ठरत नाही. उद्या 'हेतुपुरस्सर'मधला 'तु'सुद्धा दीर्घ लिहाल.

वडाची_पारंबी:
सुटा 'हेतू' दीर्घच आहे की, मग समासात ऱ्हस्व का?

स्वच्छ_मराठी:
तत्सम शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व राहतो. कविसंमेलन, हेतुपुरस्सर.

लोखंडी_जिना:
मंडळी, प्रेस सहाला बंद होतो. 'कशासाठी आलात' लिहू का?

शेंगदाणे:
लिहा, पण गॅसवाल्याला 'आलात' का, सिलिंडर घेऊन येतो तो बिचारा, 'आणलंत' पाहिजे 😄

तारीख_पे_तारीख:
ते राहू द्या, बहुउद्देशीयवर सरकारी कागदात काय लिहितात ते कुणीतरी बघा.