दगडी पाल्याचा अर्क: कंट्रोलची रेघही भरून येतेय, काय चुकलं?

पानवेडा:
एम.एस्सी.चं दुसरं वर्ष. आमच्याकडे खुरपं लागलं की आजी बांधावरचा दगडी पाला, म्हणजे ट्रायडॅक्स, तळहातावर चोळते आणि हिरवा रस जखमेवर पिळते. झोंबतं, पण रक्त थांबतं. प्रोजेक्टला तोच घेतला. पानं सावलीत वाळवली, सॉक्सलेटमध्ये (गरम द्रावक पुन्हापुन्हा फिरवणारं काचेचं उपकरण) इथेनॉलनं अर्क काढला, डीएमएसओ या द्रावकात विरघळवला. प्लेटच्या वेलमध्ये (छोट्या खळग्यांत) वाढवलेल्या एल९२९, म्हणजे उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींच्या थरावर पिपेटच्या २०० मायक्रोलिटरच्या टिपनं रेघ मारली, जखमेची नक्कल म्हणून. २४ तासांनी बघतो तर अर्काच्या वेलमधली रेघ भरलेली, आणि नुसत्या डीएमएसओच्या, म्हणजे कंट्रोलच्या, वेलमधलीही! आता लिहू काय?

जुनी पिपेट:
पेशींच्या खाद्यात सिरम (रक्तातला पोषक द्रव) किती टाकलंत? १० टक्के असेल तर पेशी खाऊनपिऊन वाढणारच, अर्क असो नसो. १ टक्क्यावर आणा. रेघ दोन तऱ्हांनी भरते: कडेच्या पेशी सरकतात किंवा नव्या तयार होतात. सरकणंच बघायचं असेल तर मायटोमायसिन-सी देऊन वाढ थांबवतात. २४ तासांची वाट कशाला बघता? ०, ६, १२ तासांना फोटो घ्या. प्लेटच्या खालून मार्करनं खूण करा, नाहीतर दर वेळी वेगळीच जागा दिसते. आणि रेघ मारल्यावर पीबीएसनं (खारट बफरनं) धुता ना? सुटलेल्या पेशी तिथेच परत चिकटतात.

पानवेडा:
सिरम १० टक्केच. धुतलं एकदाच, तेही घाबरत.

रानमेवा:
त्याआधी एमटीटी (रंगावरून जिवंत पेशी मोजायची चाचणी) केलंत का? हिरव्या अर्काचा स्वतःचा रंगच रीडिंगमध्ये मिसळतो, म्हणून पेशी न घातलेले, फक्त अर्काचे वेल ठेवा. पण माझी खरी तक्रार दुसरी आहे. आजी सांगते रक्त थांबतं, तुम्ही मोजताय पेशी सरकतात का! रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघा, तो वेगळा प्रयोग. शिवाय आजीचा रस ताजा, पाण्यातला. तुमचा वाळक्या पानांचा, तासन्‌तास उकळत्या इथेनॉलनं काढलेला. दोघांत उतरणारे घटक सारखे कसे असतील?

पानवेडा:
पटलं. काल ताजा रस काढला, पण जंतू गाळायचा ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर दुसऱ्या थेंबालाच चोंदला.

जुनी पिपेट:
आधी सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ०.४५ मधून काढा, मगच ०.२२. फिल्टर फुकट येत नाहीत हो!