बायनॉरल बीट्स : भाच्याचं थीटा आणि माझी चिडचिड

वाकडा_स्क्रू
भाचा बारावीला आहे. काल खोलीत डोकावलो तर साहेब इयरफोन घालून, डोळे मिटून बसलेले, पुढ्यात केमिस्ट्री उघडी. "मामा, थीटा चालू आहे. पाठांतर पक्कं होतं." ॲपची वर्षाची वर्गणी ताईच्या कार्डावरून भरूनही झालीय.

ज्यांना बायनॉरल बीट्स हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: डाव्या कानात २०० हर्ट्झचा सूर, उजव्यात २०६ चा. सुटे ऐकलेत तर दोन्ही सपाट, जुन्या फ्रीजसारखे. एकदम ऐकलेत की डोक्याच्या मधोमध सेकंदाला ६ वेळा काहीतरी हलतं. एक इयरफोन काढा, हलणं गायब! हवेत तो ठोका नसतोच. दोन्ही कानांचे संदेश मेंदूच्या देठापाशी एकत्र येतात, तिथे तो जन्मतो. हाइनरिख डोव्ह नावाच्या प्रशियन शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास हे टिपलं. इथवर वाद नाही.

पुढची उडी बघा. मेंदूच्या ४ ते ८ हर्ट्झच्या लहरी म्हणजे थीटा, म्हणून ६ चा ठोका ऐकला की मेंदूच्या लहरीही ६ वर येतात. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतो, तसं. २०२३ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात ईईजीवर (मेंदूच्या लहरींच्या आलेखावर) मोजलेल्या १४ अभ्यासांचा आढावा आला. ५ म्हणतात लहरी ठोक्यामागे गेल्या, ८ म्हणतात नाही, एकाचं धड हे ना ते. असल्या निकालावर मी टेबलफॅनसुद्धा घेणार नाही.

भूलवाली
भाचा राहू द्या, माझे पेशंट बघा. थिएटरबाहेर स्ट्रेचरवर पडलेला माणूस, हात बर्फ, नाडी ११०. २००५ मध्ये 'ॲनेस्थेशिया' नियतकालिकात अशाच पेशंटांवरचा अभ्यास आला होता. बीट्स ऐकणाऱ्यांची धास्ती २६.३ टक्क्यांनी उतरली, तसाच पण बीट्सविना आवाज ऐकणाऱ्यांची ११.१, काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८. त्याच्या डोक्यात अल्फा लहरी आहेत की थीटा, हे मला त्या घडीला कुठे बघायचंय?

वाकडा_स्क्रू
डॉक्टर, धास्ती उतरते हे मान्य. पण ते ११ टक्के नुसत्या आवाजाचे आणि निवांत पडून राहण्याचे, ते आधी वजा करा. माझं भांडण ॲपवरच्या बटणांशी आहे: 'फोकस', 'गाढ झोप', 'तिसरा डोळा'. मेंदू म्हणजे काय गिझर आहे, काटा फिरवला की तापमान बदललं?

भूलवाली
वजा करूनही १५ उरतात. मला १५ पुष्कळ झाले.

खर्ज
तंबोरा लावणारा माणूस बीट्स रोज ऐकतो. जोडाच्या दोन तारा सुरात यायला आल्या की 'वाँऽव वाँऽव' असा हेलकावा येतो. तारेत ओवलेला मणी केसभर सरकवायचा. हेलकावा लांबतो, आणखी लांबतो, मग थांबतो. सूर मिळाला. हा हेलकावा हवेतला, एका कानालाही कळतो. २०२० मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी असे आधीच मिसळलेले बीट्स आणि डोक्यात तयार होणारे बीट्स शेजारी ठेवून मोजले. मेंदूने दोन्हींना दाद दिली, पण मिसळलेल्यांना जास्त. मूड मात्र दोन्हींनी बदलला नाही. मग डोक्यातल्याचंच एवढं कौतुक का?

रात्रपाळी
तुमचे आकडे तुमच्यापाशी. मी सकाळी आठला झोपतो, तेव्हा खाली भंगारवाला आणि शेजारी कुकरच्या शिट्ट्या. ८ महिने डेल्टाचे (गाढ झोपेच्या लहरींचे) बीट्स लावतोय, झोप लागते. आणि एवढं थोतांड असतं तर अमेरिकन लष्कराने १९८३ मध्ये यावर अहवाल का लिहिला असता? सीआयएच्या कागदपत्रांत आहे.

वाकडा_स्क्रू
वाचलाय तो. एका लेफ्टनंट कर्नलने, असे बीट्स ऐकवून जाणिवेचे प्रयोग करणाऱ्या रॉबर्ट मन्रोच्या संस्थेतल्या प्रयोगांवर लिहिलेला. त्यात विश्व म्हणजे होलोग्राम आणि जाणीव स्थळकाळाच्या पलीकडे जाते असंही आहे. तेही घेणार का? आणि हेडफोन घालून झोपता कसे?

रात्रपाळी
हेडफोन टोचतो. फोन उशीखाली, स्पीकरवर.

वाकडा_स्क्रू
अहो, मग दोन्ही सूर स्पीकरमध्येच मिसळले! ते बायनॉरल उरलंच नाही.

रात्रपाळी
नसू दे. भंगारवाला ऐकू येत नाही ना.

एककानी
लहानपणी गालगुंडात माझा डावा कान गेला. म्हणजे हे माझ्यासाठी नाहीच?

खर्ज
डोक्यातलं नाही. तंबोऱ्याचं चालेल. दोन फोन घ्या, दोन्हींवर तंबोऱ्याचं ॲप लावा, एकाचा सूर जरासा उतरवा आणि शेजारी ठेवा.

एककानी
आलं, आलं! घुमतंय. बायको विचारतेय, फ्रीज बिघडला का.