मदत हवी आहे: बाबांची गंजलेली झेन, एस्टीमचं इंजिन, आणि रोलकेजचे पाय टेकवायचे कुठे?

नमस्कार मंडळी,

देवगडजवळ आमच्या मांगरात (शेडमध्ये) बाबांची १९९८ची मारुती झेन उभी आहे. कार्ब्युरेटरवाली, ९९३ सीसी, ५० अश्वशक्तीची. बाबा गेल्यावर पाच पावसाळे तिला कोणी हात लावला नाही. आता मी आणि माझा चुलतभाऊ तिला ऑटोक्रॉससाठी, म्हणजे बंद मातीच्या ट्रॅकवरच्या वेळेच्या शर्यतीसाठी, बांधतोय. एकूण बजेट सव्वा लाख, त्यातले ५२ हजार संपलेत. आईने एकच अट घातली आहे, गाडी रस्त्यावर न्यायची नाही. ती आम्हालाही मान्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय इंजिन बदललेली गाडी रस्त्यावर चालतच नाही. आरसी रद्द करून घेतली आहे, स्पर्धेला टाटा ४०७ टेम्पोमध्ये घालून नेणार. एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं) लायसन्स दोघेही काढणार आहोत.

आता बसवलेलं इंजिन मारुती एस्टीमचं आहे, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवालं), ८५ अश्वशक्ती. झेनचं आणि हे एकाच कुळातलं असल्याने बसवताना फार भांडावं लागलं नाही. गिअरबॉक्सही एस्टीमचाच. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि सगळे ऑइल सील इंजिन खाली असतानाच नवे टाकले. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

सगळ्यात मोठी काळजी बॉडीची आहे, म्हणून आधी तेच विचारतो.

आमचं घर समुद्रापासून दोन किलोमीटरवर. खाऱ्या हवेतलं मीठ पत्र्यावर बसतं आणि हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येही पत्रा आतून कधी पुरता वाळत नाही. त्यात दाराखालच्या सिलची पाणी जायची भोकं लाल माती आणि आंब्याच्या पाल्याने गच्च भरली होती. बाहेरून रंग शाबूत दिसतो, पण ड्रायव्हरच्या बाजूला जॅक लावला तेव्हा पत्रा कागदासारखा आत गेला. मागच्या सीटखालची जमीन आणि मागच्या शॉकअपचे टॉवर मात्र चांगले आहेत, तार-ब्रशने घासून बघितले.

रोलकेज, म्हणजे गाडी उलटली तरी आतला माणूस वाचावा म्हणून बांधायचा नळ्यांचा पिंजरा, एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) परिशिष्ट जे, कलम २५३ प्रमाणे करायचा आहे. सीमलेस (बिनजोडाची) नळी, पुढच्या सीटमागची मुख्य कमान ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची, बाकीच्या नळ्या ३८ बाय २.५. प्रत्येक पायाखाली निदान ३ मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. हे सगळं वाचून पाठ झालंय. पण ती प्लेट चांगल्या पत्र्यावर बसेल असं त्यात गृहीत आहे, आणि मुख्य कमानीचा उजवा पाय नेमका त्या कुजलेल्या सिलजवळ येतो. गाडी उलटली तर सगळा भार पिंजऱ्याच्या सहा पायांवर येणार. पाय पत्रा फोडून खाली गेला तर वरची नळी कितीही जाड असून काय उपयोग?

आमच्यासमोर दोन वाटा आहेत. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा आणि त्यावर प्लेट लावायची. किंवा सिल आणि जमिनीच्या सांध्यावर पत्र्याचा खोका बांधून त्यावर पाय उभा करायचा, म्हणजे भार पसरेल. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी सांगा. आणि तिसरी वाट, ‘दुसरी बॉडी घे’, हीच बरोबर असेल तर तेही स्पष्ट सांगा. ही गाडी बाबांची म्हणून जीव अडकलाय हे खरं आहे, पण चुलतभावाला त्यात बसवताना मनात शंका नको.

दुसरा प्रश्न ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा. इंजिन विकणाऱ्याने ईसीयू आणि वायरिंग दिलं, पण किल्ली आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणारा) डबा दिला नाही. आता स्टार्टर फिरतो, इंधनाला दाब आहे, पण इंजेक्टर उघडतच नाहीत. मारुतीच्या आयकॅट्स या चोरीरोधक यंत्रणेत किल्लीतल्या चिपचा कोड जुळला नाही तर ईसीयू इंजिन पेटू देत नाही, तेच झालंय असं वाटतं. तो माणूस आता फोन उचलत नाही. इमोबिलायझर नसलेला जुना ईसीयू कुर्ल्यात शोधायचा, की स्पीडुइनो (स्वतः जुळवायचा ओपन-सोर्स ईसीयू) लावून, त्याला क्रँकची जागा कळावी म्हणून क्रँकवर ३६-१ दातांचं (३६ पैकी एक दात नसलेलं) चाक बसवायचं? वायरिंग मी स्वतः करू शकतो, आयटीआयला दोन वर्षं तेच केलंय. पण ट्यूनिंग कधी केलेलं नाही.

इंधनाची लाइन पूर्ण बदलली आहे. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही आत असतो, इंजेक्शनला अडीच-तीन बार लागतो. जुना रबरी पाइप ठेवला असता तर तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल उडालं असतं. असं काम कोणी करत असाल तर तो पाइप आणि क्लॅम्प आधी बदला, बाकीचं नंतर.

तिसरं सस्पेन्शन. आमचे मेस्त्री तीस वर्षं गाड्या करतात, इंजिनात त्यांचा हात कोणी धरणार नाही. ते म्हणतात, “बाबू, पाठल्या स्प्रिंगेचो एक वेढो काप, गाडी आपसूक खाली बसतली.” हिशोब केला तर सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग वीस टक्के कडक होते आणि शिवाय गाडी खाली येते. डांबरावर ते चालेल. आम्ही सराव करणार तो गावाबाहेरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), मालकाची परवानगी घेऊन. तिथे जांभ्याचे उंचवटे आहेत, वर मोकळी खडी. तिथे चाकाला वरखाली व्हायला जागा हवी, खाली बसवलेली गाडी बंप स्टॉपवर (सस्पेन्शनची हालचाल अडवणाऱ्या रबरावर) आपटून उडेल असं मला वाटतं. म्हणून उंची तशीच ठेवून चांगले शॉकअप घालायचा विचार आहे.

काजूचे ट्रक मोजतात त्या वजनकाट्यावर आधी पुढची, मग मागची चाकं ठेवून बघितलं. आतलं सगळं काढलेल्या गाडीचं वजन पुढे ३९०, मागे २३० किलो. मागे इतकं हलकं असताना मूळ स्प्रिंगाच पुरेशा कडक आहेत का? आणि एस्टीमचे पुढचे शॉकअप झेनला कोणी बसवलेत का, बसवताना काय बदलावं लागलं?

सिलचे फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.

भर, तीन दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे हातोडी आणि टोच्या घेऊन अख्खी बॉडी वाजवून काढली. डावं सिल टणटणीत आहे. उजव्या बाजूला मधल्या खांबापासून पुढे सुमारे ४० सेंटिमीटर पत्रा गेलाय, खांब स्वतः चांगला आहे. तेवढा भाग कापून १.२ मिमीचा पत्रा घालायचा आणि वर खोका बांधून त्यावर पाय घ्यायचा, असं ठरलं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पट्टी टाकून बॉडी धरून ठेवायची सूचना फारच मोलाची होती, आमच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. मेस्त्रींनाही पटलं, पट्टी तेच टाकणार आहेत. वेढा न कापण्यालाही त्यांनी होकार दिलाय.

ईसीयूबाबत स्पीडुइनोकडे कल झालाय. या इंजिनाचा चालू मॅप (इंधन आणि ठिणगीचा तक्ता) कोणाकडे असेल तर सुरुवातीला खूप आधार होईल.

नळ्या वाकवायचं काम कोल्हापुरात उद्यमनगरात देतोय, शनिवारी फोंडा घाटातून पिकअप घेऊन निघू. मुख्य कमानीची रुंदी मधल्या खांबांना लागून घ्यायची की खोक्यासाठी आत दोन बोटं सोडायची, एवढं शुक्रवारपर्यंत कोणी सांगितलं तर माप नक्की करता येईल.