चर्चा: हल्ल्याआधी घुसलेल्या माणसांना ओळखायचं कुणी? गावानं की पोलिसांनी?

लळिंगकर
बुऱ्हाणपूरजवळचा आशीरगड लढून पडला नव्हता. फरिश्ता या जुन्या इतिहासकारानं लिहिलंय, खानदेशचा सुलतान नसीरखान फारुकीनं गडाचा मालक आसा अहिराला निरोप धाडला, शेजारचे राजे माझ्यावर उठलेत, घरच्या बायकांना गडावर आसरा दे. पहिल्या डोल्यांत खरंच बायका होत्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या चढल्या, आत हत्यारबंद शिपाई. स्वागताला आलेला आसा आणि त्याची मुलं तिथंच कापली गेली.
१० मे १९४० ला हॉलंडमध्ये गेनेपच्या पुलावर तेच झालं. डच पोलिसांच्या वेषातली माणसं 'जर्मन कैदी' घेऊन आली, पहारेकरी गाफील राहिले आणि मागोमाग जर्मनांची चिलखती आगगाडी पूल ओलांडून गेली.
आपल्याकडे भुसावळ जंक्शन आहे, दीपनगरचं वीज केंद्र आहे, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलच्या यादीत भुसावळ उगाच नव्हतं. भोंगे वाजवून भागणार नाही. गावोगाव पहारा हवा, अनोळखी माणूस दिसला की अडवा.

साक्रीची_लेक
अडवा? मग राईनपाड्याचं काय करायचं? १ जुलै २०१८, आमचाच साक्री तालुका, धुळे जिल्हा. भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी, पाच जण. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती, तेवढ्यावर ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईस्तोवर मारलं. जुने हेर गोसावी-बैराग्यांच्या वेषात फिरायचे म्हणतात. म्हणजे तुमचा पहारा सगळ्यात आधी धरणार कुणाला? भटक्यालाच. खरा घातपाती इस्त्रीचा शर्ट घालून, आधारकार्ड दाखवून लॉजवर उतरेल.

चोपडा_एसटी
ताई, खरं शे. पण गावकऱ्याला वगळून चालत नाही. ऑगस्ट १९६५, ऑपरेशन जिब्राल्टर. पाकिस्ताननं साध्या वेषातले हजारो घुसखोर काश्मिरात सोडले, हिशोब असा की लोक उठाव करतील. लोक उठलेच नाहीत. तंगमर्गजवळ मोहम्मद दीन नावाच्या गुज्जर पोराला घुसखोरांनी पैसे देऊ केले. त्यानं थेट पोलीस ठाणं गाठलं. कुणाला हात लावला नाही, फक्त खबर दिली. नंतर पद्मश्री मिळाली त्याला.

लळिंगकर
ठाणं आपलं असेल तोवर ठीक. फेब्रुवारी २०१४ मध्ये युक्रेनच्या क्रिमियात हिरव्या गणवेशातले बिनबिल्ल्याचे सैनिक भरदिवसा फिरत होते. २७ तारखेला तिथली विधानसभा त्यांच्या ताब्यात गेली. ओळखायचं काही उरलंच नव्हतं, सगळ्यांना दिसत होतं! खबर द्यायची कुणाला? रशिया कितीतरी दिवस 'ते आमचे नव्हेत' म्हणत राहिला, पुढे पुतिननीच कबूल केलं. तुमचा मोहम्मद दीन तिथं काय करणार होता?

वकील_जळगाव
क्रिमियाचा दाखला पहाऱ्याच्या विरोधात जातो, साहेब. तिथं हातात काठी घेतलेल्या गावकऱ्यांनी तरी काय केलं असतं?
आणि युद्धाबद्दलच्या १९०७ च्या हेग नियमांत साफ लिहिलंय, रंगेहाथ सापडलेल्या हेरालाही खटल्याशिवाय शिक्षा नाही. ही सवलत शत्रूच्या हेराला. राईनपाड्याच्या पाच जणांना ती मिळाली नाही.

भरीतवाला
संशयाची गंमत निराळीच. डिसेंबर १९४४, बेल्जियमकडची आर्डेनची लढाई. जर्मन अधिकारी स्कॉर्झेनीनं अमेरिकी गणवेशात मोजकीच माणसं घुसवली. झालं, अमेरिकन नाक्यानाक्यावर आपल्याच लोकांना प्रश्न विचारत बसले. त्यांच्याच जनरल ब्रॅडलीला विचारलं, इलिनॉयची राजधानी? ते म्हणाले स्प्रिंगफील्ड. बरोबर होतं, पण शिपाई शिकागोवर अडून बसला! घुसलेल्यांनी केलं त्याहून जास्त काम त्यांच्या अफवेनं केलं. भुसावळच्या नाक्यावर विचारा, भरितात टमाटं घालतो का? हो म्हणाला की बाहेरचा, धरा.

साक्रीची_लेक
😂 माझी पुण्याची नणंद पहिली आत जाईल.

लळिंगकर
थट्टा बास. पंजाबात १९६५ लाच छत्रीनं उतरलेले कमांडो गावकऱ्यांनीच काठ्या घेऊन हुडकले होते ना? तेव्हा बरं चाललं.

चोपडा_एसटी
ते आभाळातून उतरले होते, भाऊ, शत्रू कोण यात शंका नव्हती. आणि त्यांना धरून फौजेच्या, पोलिसांच्या हवाली केलं. पहारा हवाच असेल तर पोलीस पाटलाच्या हाताखाली ठेवा. अडवायचं नाही, झडती नाही, फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. पाटलाला सांगायचं, पाटलानं ठाण्याला.

वकील_जळगाव
याला माझी हरकत नाही.

साक्रीची_लेक
मलाही चालेल. फक्त आमच्या गावात पोलीस पाटलाची जागा रिकामी आहे. तोवर सांगायचं कुणाला?