इथली पेटी, नाशिकचा तबला: गणपतीत थेट जमेल का?

प्रेषक: सांस्कृतिक समिती

सर्वांना नमस्कार,

गणपतीतल्या शनिवारी आपल्या मंडळाला इथे इंग्लंडमध्ये हॉल दुपारी तीन वाजता मिळतोय, म्हणजे नाशिकला संध्याकाळचे साडेसात. नाशिकच्या कलाकारांबरोबर पाऊण तास थेट पेटी-तबला-गायन करावं अशी सूचना आली आहे. शेफिल्डच्या मावशींचा भाचा नाशिकला असतो. दूरदूरच्या लोकांना एकत्र गाता-वाजवता यावं म्हणून त्याने एकट्याने एक वेबसाइट उभी केली आहे. त्याला आपल्या या ईमेल यादीवर घेतलंय, प्रश्न त्यालाच विचारा. पैशांचं नंतर बोलू.

प्रेषक: ब्रॅडफर्डचे काका

थेट? लॉकडाऊनमधली झूमवरची आरती विसरलात वाटतं! आमची टाळी पडायची तेव्हा लेस्टरचं कुटुंब मागच्या ओळीवर, आणि डोंबिवलीच्या आजी प्रसाद वाटून मोकळ्या. मी पेटी धरली तर सूनबाई म्हणे, "बाबा, सूर मध्येच गायब होतोय." माझ्या मते सरळ रेकॉर्डिंग लावावं.

प्रेषक: शेफिल्डच्या मावशी

काका, जरा ऐकून तर घ्या त्याचं. बहिणीचा मुलगा म्हणून सांगत नाही. पोरगा आयटीआय मशिनिस्ट, सातपूरला एका वर्कशॉपमध्ये मशीन चालवायचा, गणपतीत ढोल आणि एरवी तबला. कॉम्प्युटरचा क्लास कधी लावला नाही. आणि पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम होता हेही विसरू नका. नाशिक म्हणजे नुसती द्राक्षं आणि मिसळ नव्हे.

प्रेषक: मावशींचा भाचा, नाशिक

काका, नमस्कार. पेटीचं आधी सांगतो, ते सोपं आहे. मीटिंगची ॲप्स बोलण्यासाठी बांधलेली असतात. एकसारखा लागून राहिलेला आवाज म्हणजे पंखा किंवा मिक्सर, असं धरून ती तो दाबतात. पेटीचा लांब सूर आणि तानपुरा त्यांच्या लेखी पंखाच. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं की बराच फरक पडतो. माझ्या साइटवर प्रतिध्वनी दाबणं, गोंगाट गाळणं आणि आवाजाची पातळी आपोआप खालीवर करणं, ही ब्राउझरची तिन्ही कामं मी बंद ठेवतो. त्या बदल्यात हेडफोन लावावाच लागतो, आणि तोही वायरचा. ब्लूटूथचा हेडफोन एकटाच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातो.

आता आरतीचं. नाशिकपासून तुमच्याकडे सरळ रेषेत सात हजार किलोमीटरच्या वर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे पस्तीस मिलिसेकंद निसर्गानेच घेतले. त्यात केबल सरळ जात नाही, अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य असा वळसा. पुढे राउटर आणि दोन्हीकडची साउंड कार्डं. एका दिशेने सत्तर-ऐंशीच्या खाली येणं अवघड. माणसं साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंत एकत्र वाजवू शकतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून नऊ-दहा मीटर जातो, म्हणजे मोठ्या स्टेजच्या दोन टोकांइतकं अंतर. त्यापुढे प्रत्येकजण दुसऱ्यासाठी थांबायला लागतो आणि लय मंदावत जाते. अर्ध्या सेकंदाची मात्रा (तालाचा एक ठोका) धरली तर चौगुणीतला, म्हणजे मात्रेत चार बोल असतानाचा, एकेक बोल १२५ मिलिसेकंदांचा. ऐंशीचा उशीर झाला तर त्यातलं काय उरलं? कोणी कितीही चांगला कोड लिहिला तरी हे अंतर कमी होत नाही.

ऑनलाइन एकत्र वाजवण्यासाठीची सॉफ्टवेअर, म्हणजे जॅमुलस किंवा स्टॅनफर्डमध्ये सुरू झालेलं जॅकट्रिप, जवळच्या लोकांसाठी उत्तम. सर्व्हर मुंबईत ठेवला की नाशिक-पुण्याचे लोक जॅमुलसवर भजन म्हणू शकतात. नाशिक-ब्रॅडफर्डला नाही.

पण २००५ मध्ये कॉकोस नावाच्या कंपनीने निंजॅम हे मुक्त सॉफ्टवेअर काढलं, त्यात उलटा विचार आहे. उशीर कमी करायचा नाही, वाढवायचा, आणि बरोबर एका फेरीएवढा करायचा. समोरच्याची मागची फेरी ऐकत तुम्ही तुमची चालू फेरी वाजवता. एका फेरीत ठोके किती, हे आधी ठरवायचं. मी पहिल्यांदा त्याचा कोड वाचला तेव्हा ते रॉक-ब्लूजवाल्यांसाठी आहे असं दिसत होतं. पण ठोके १६ ठेवले की ती फेरी म्हणजे तीनतालाचं आवर्तन! आणि लेहरा, म्हणजे एकल तबल्यासाठी पेटीवर पुन्हा पुन्हा वाजणारी धून, तर प्रत्येक आवर्तनात तोच असतो. मागचा ऐका नाहीतर आत्ताचा, तबलावाल्याला काही फरक पडत नाही. गिटारवाल्यांना निंजॅमवर सूरसंगती बदलली की गोंधळ होतो. आपला एकल तबला जणू त्याच्यासाठीच बेतलेला. माझी सगळी साइट या एका गोष्टीवर उभी आहे.

तेव्हा प्रस्ताव असा: काका, तुम्ही तिथे हॉलमध्ये लेहरा धरा, नाशिकहून तबला वाजेल.

प्रेषक: तबल्याच्या ताई, लीड्स

कल्पना आवडली, पण तीन शंका आहेत. एक, एकल वादनात लय चढत जाते. तुमच्या यंत्रात लय कशी चढणार? दोन, गायनाची साथ अशी होईल का? तीन, काकांना लेहऱ्यात हरकती (सुरांची छोटी नक्षी) घेतल्याशिवाय राहवत नाही, हे सगळ्या मंडळाला माहीत आहे.

प्रेषक: मावशींचा भाचा, नाशिक

ताई, तिसरी शंका तांत्रिक नाही, ती तुम्हीच बघा.

लयीबद्दल तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. निंजॅममध्ये लय ठरलेली असते, बदलायची तर सगळ्यांनी मत द्यायचं आणि मग ती एकदम बदलते. हळूहळू चढवता येत नाही. मी एकल वादनातल्या रचनांप्रमाणे पायऱ्या केल्यात: पेशकार मिनिटाला ८० मात्रांवर, कायदे १२० वर, रेले त्याच्या वर, आणि बदल फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. कानात ठोका सतत चालू असतो. आमच्याकडचे एक जुने तबलजी त्याला "घड्याळाची नोकरी" म्हणतात आणि हेडफोन काढून ठेवतात. त्यांचं चूक नाही. चढत्या लयीची मजा यात नाहीच.

१२० वर एक आवर्तन आठ सेकंदांचं. काकांचं आवर्तन इथे पुढच्या आवर्तनात ऐकू येईल, त्यावरचा तबला तुम्हाला आणखी एका आवर्तनानंतर. तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) दोन्हीकडे समेवरच पडेल. फक्त तुमची वाहवा वाजवणाऱ्याला आवर्तन उशिरा मिळेल, तेव्हा तो तोंड फुगवून बसला असं समजू नका.

साथ मात्र नाही. गायकाने आलापात कुठे श्वास घेतला, तान कुठे सोडली, ते बघून पेटीवाला मागोमाग जातो. ते आवर्तनाने उशिरा करून कसं चालेल? अभंगासाठी आम्ही थर लावतो. आधी एकजण ठोक्यावर गाऊन कच्चा ट्रॅक टाकतो, त्यावर तबला, मग खरा गळा, मग पेटी, टाळ सगळ्यात शेवटी. कच्चा ट्रॅक पुसून टाकायचा. तोही नीट गावा लागतो बरं का, कारण तबलावाला त्याच्याकडूनच जीव घेतो. प्रत्येकाचं कॉम्प्युटर आवाज थोडा उशिरा पकडतं, म्हणून सुरुवातीला हेडफोन माइकला टेकवून एक 'टक' वाजवायला लावतो. ती किती उशिरा परत आली ते मोजून रेकॉर्डिंग तेवढं मागे सरकवतो.

मावशीने शिक्षणाचं काढलंच आहे तर सांगतो. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचना, लिहायचो, तीच माझी पहिली प्रोग्रामिंगची भाषा. त्यात एक आकडा चुकला की टूल जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) घुसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय काही चालवायचं नाही ही सवय तिथली. जावास्क्रिप्ट नंतर मोझिलाची मोफत माहितीपानं वाचून शिकलो, इंग्रजी अडलं तिथे शब्दकोश घेऊन. कोड जमतो. माणसं जमवणं अवघड. साइटवरच्या रिकाम्या दालनात पहिला सूर कोणी टाकत नाही. म्हणून लेहरे आधीच भरून ठेवले, वेगवेगळ्या रागांत, पट्ट्यांत आणि लयींत. रात्री दोन वाजता एकटा तबलावाला आला तरी त्याला वाजवायला काहीतरी मिळतं. आणि गुरुवारी रात्री ठरलेली बैठक. ओझरचा ढोलकीवाला, देवळाली कॅम्पच्या पेटीवाल्या काकू, मस्कतचे गाणारे एक दादा, सगळे गुरुवारमुळे टिकलेत.

एकमेकांच्या वादनावर शेरे कसे द्यायचे यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. इतर साइटवर "१ मिनिट ४२ सेकंदाला चुकलं" असं लिहितात. तबलजीला त्यातून काय कळणार? माझ्याकडे शेरा मात्रेला चिकटतो: तिसरं आवर्तन, खालीची (टाळी न देण्याची) नववी मात्रा. रेकॉर्डिंगच्या पट्टीवर टाळ्या आणि खाली, दोन्हींच्या जागा उमटलेल्या दिसतात. हे केल्यापासून भांडणं कमी झाली नाहीत, पण मुद्द्याची व्हायला लागली. घराण्यांवरून वाद पेटला की मी तो धागा गुरुवारपर्यंत बंद ठेवतो. वाजवून दाखवा म्हणतो.

प्रेषक: कोषाध्यक्ष

वाचायला छान वाटलं. आता रुक्ष प्रश्न. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकायचंय. समितीला कुसुमाग्रजांची एक कविता चाल लावून म्हणायची आहे, शेवटी पसायदान. परवानग्यांचं काय? आणि या साइटला पैसे किती द्यायचे?

प्रेषक: मावशींचा भाचा, नाशिक

कोषाध्यक्ष, भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांच्या कविता हक्कात आहेत. नाशिककर म्हणून आम्ही त्यांना कितीही आपलं मानलं तरी परवानगी लेखीच घ्यावी लागेल. पसायदानाचे शब्द सातशे वर्षांहून जुने, ते सगळ्यांचे. पण आपण जी चाल म्हणतो ती बहुधा कुणा संगीतकाराची असते, तिच्यावर हक्क असू शकतो. घरची चाल असेल तर प्रश्नच नाही. माझ्या साइटवर प्रत्येक थर टाकताना विचारतो: हा दुसऱ्याने वापरला तर चालेल का, नाव द्यायचं का, विकायला परवानगी आहे का. तबलावाल्याचाही वादक म्हणून वेगळा हक्क असतो. रेकॉर्डिंग टाकायच्या आधी त्याला विचारा. नाही म्हणायचा नाही, पण विचारा.

पैसे साइटला नकोत. सर्व्हरचा खर्च मी वेबसाइटची फुटकळ कामं करून भागवतो. तबलजींना मात्र मानधन द्या, इथल्या मैफलीला देतात तेवढं. ऑनलाइन आहे म्हणून कमी नको.

प्रेषक: तबल्याच्या ताई, लीड्स

मानधनाला माझा पाठिंबा. कोषाध्यक्ष, कलाकाराला शाल-नारळ देऊन परत पाठवायची जुनी सवय या वेळी नको. तसंही नारळ ऑनलाइन जात नाही.

प्रेषक: सांस्कृतिक समिती

तर मग ठरलं. पंचवीस मिनिटं तीनताल: काकांचा लेहरा, नाशिकचा तबला. अभंग थर लावून आधीच तयार करायचा, हॉलमध्ये तो वाजेल आणि सगळे टाळ धरतील. कुसुमाग्रजांची कविता या वर्षी नाही. परवानगीचं पत्र पाठवतो, मिळाली तर पुढच्या वर्षी. पसायदान नेहमीप्रमाणे सगळ्यांनी मिळून, पण रेकॉर्डिंग त्याआधी बंद. कोषाध्यक्षांनी मानधन मान्य केलं आहे. हॉलचं वायफाय वापरायचं नाही, केबल ओढायची, ते काम लेस्टरच्या दादांकडे. पहिली तालीम येत्या गुरुवारी, नाशिकच्या बैठकीतच.

प्रेषक: ब्रॅडफर्डचे काका

माझी पेटी काळी दोनची, तबला त्या पट्टीत लावून ठेवायला सांगा. हरकती घेणार नाही, ताई. निदान १२० ला नाही. वायरचा हेडफोन कुणाकडे असेल तर गुरुवारच्या आधी पोचवा, आमच्या घरात सगळे ब्लूटूथचे.