‘कल्ट’ चित्रपटाला मराठीत काय म्हणावे?

चित्रपटांचे प्रकार सांगण्यासाठी मराठीला कधीच शब्दांची चणचण भासली नाही. ‘पट’ हे उत्तरपद हाताशी असल्यामुळे मूकपट, बोलपट, संतपट, तमाशापट, भयपट, रहस्यपट अशी रांग सहज उभी राहिली. ‘देमारपट’ हा शब्द तर इतका बोलका आहे की तो उच्चारताच ठोशांचा आवाज कानी पडतो. ‘झपाटलेला’ (१९९३) भयपट की विनोदपट, असा वाद घालता येतो, पण तो वाद घालायलाही शब्द मराठीच पुरतात.

‘कल्ट’, म्हणजे ज्याचे हट्टी चाहते तो पुन्हा पुन्हा पाहतात असा चित्रपट, मात्र या रांगेत बसत नाही, कारण वरची सगळी नावे पडद्यावर काय आहे यावरून पडली आहेत आणि ‘कल्ट’ ठरतो तो पडद्यासमोर बसलेल्यांच्या वागण्यावरून. ‘जाने भी दो यारो’ (१९८३) पहिल्या दिवसापासून उपहासपट होताच. कल्ट झाला तो नंतर, लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिल्यावर. म्हणून ‘अभिजात’ हा पर्याय मला चुकीचा वाटतो. अभिजातपणात गुणवत्तेचा निवाडा असतो, आणि कल्ट चित्रपट चांगलाच असला पाहिजे अशी अट नाही.

मूळ लॅटिन शब्दात उपासनेचा अर्थ आहे, त्यामुळे काही जण ‘पंथपट’ सुचवतात. पण ‘संतपट’ म्हणजे संतांवरचा चित्रपट, हे कानाला सवयीचे असल्याने ‘पंथपट’ ऐकणाऱ्याला तो एखाद्या पंथावरचा चित्रपट वाटणार.

माझ्या मते आपला शब्द आपल्या बोलण्यात आधीपासूनच आहे, आणि तो म्हणजे ‘पारायण’. ‘अशी ही बनवाबनवी’ची (१९८८) पारायणे केली आहेत, असे आपण सहज म्हणतो, आणि ते नुसते अलंकारिक नाही. हा चित्रपट दूरचित्रवाणीवर लागलेला असताना घरातल्यांकडे पाहावे : पडद्यावरचे पात्र तोंड उघडण्याआधीच खोलीतली चार माणसे ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ असे म्हणून मोकळी होतात. ज्ञानेश्वरीच्या पारायणात वाचक ओवीच्या शेवटच्या चरणाशी पोहोचण्याआधी जुन्या श्रोत्यांचे ओठ हलू लागतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. पुढे काय येणार हे ठाऊक असते, आणि ठाऊक असण्यातच गोडी असते.

अडचण एकच. ‘बनवाबनवी’ आरंभापासून लोकप्रिय होता, तर कल्ट या शब्दात मोजक्या, हट्टी चाहत्यांची छटा आहे, जी ‘पारायण’मध्ये येत नाही. तेथे ‘पंथ’ हे नाम स्वतंत्रपणे वापरावे : ‘अंदाज अपना अपना’ (१९९४) प्रदर्शित झाला तेव्हा पडला, पण पुढे त्याचा पंथ निघाला. हे वाक्य मला अगदी स्वाभाविक मराठी वाटते.

या दोन्ही शब्दांचा आणखी एक फायदा आहे. नव्या चित्रपटाच्या जाहिरातीत हल्ली पहिल्याच शुक्रवारी ‘कल्ट’ असे छापलेले दिसते. तेथे ‘पारायण’ घालून पाहिले की चूक लगेच कळते, कारण एकदाही न वाचलेल्या पोथीचे पारायण झाले असे कोणी म्हणत नाही.

‘पारायणपट’ असा समास मात्र करू नये. ‘पंथपट’ला घेतलेला आक्षेप त्यालाही लागू पडतो. ‘पारायणाची पोथी’ म्हणतो तसे ‘पारायणाचा चित्रपट’ म्हणावे.