ला निना आहे म्हणजे हिमालयात बर्फ पडणारच का?

सह्यवाट
डिसेंबरअखेर एक आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक, अशा उत्तराखंडातल्या केदारकंठा ट्रेकच्या दोन बॅच आहेत. ग्रूपवर रोज नवा फॉरवर्ड येतोय. एक म्हणतो ला निना आहे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड, यंदा विक्रमी बर्फ. दुसरा म्हणतो ला निनात हिमालय कोरडा जातो, तारीख पुढे ढकला. तिसऱ्याने अमेरिकेतल्या पोलर व्होर्टेक्सचा, म्हणजे ध्रुवाभोवतीच्या थंड हवेच्या भोवऱ्याचा, नकाशा टाकलाय. यातलं ट्रेकच्या पायथ्याशी असलेल्या सांक्रीच्या बर्फाशी खरंच काय जोडलेलं आहे? आणि निघण्याआधी आठवडाभर नेमकं काय बघायचं?

दाबरेषा
फॉरवर्ड बाजूला ठेवा. पश्चिम हिमालयात हिवाळ्यात जो बर्फ पडतो त्यातला बहुतेक पश्चिमी झंझावात आणतात. भूमध्य समुद्र, काळा समुद्र, कॅस्पियन या पट्ट्यातून हे झोळ, म्हणजे कमी दाबाचे पट्टे, पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सात. पण त्यातले निम्मे नुसते ढग दाखवून जातात.

एल निनो, ला निना, उत्तर अटलांटिक दोलन हे सगळं त्या झोळांच्या वाटेवर परिणाम करतं. एल निनोत (ला निनाच्या उलट, प्रशांतचं पाणी गरम) आशियावरचा पश्चिमी झोतवारा, म्हणजे उंचावरचा वेगवान जेट स्ट्रीम, सहसा जोर धरतो, थोडा दक्षिणेला सरकतो, आणि झंझावातांना बरी वाट मिळते. अटलांटिक दोलन धन असलं, म्हणजे अझोर्सकडचा दाब जास्त आणि आइसलंडकडचा कमी, तरीही मध्यपूर्वेवरचा झोतवारा बळकट होतो. म्हणजे तुमचा दुसरा फॉरवर्डवाला पुस्तकी हिशेबाने बरोबर आहे, पहिला नाही.

आता पुस्तक मिटा. जानेवारी २०२२ ला निनाचा होता. त्या महिन्यात दिल्लीत ८८.२ मिमी पाऊस झाला, १९०१ पासूनचा जानेवारीतला सर्वांत जास्त, आणि ७-८ जानेवारीच्या रात्री पाकिस्तानातल्या मरीला गाड्या बर्फात अडकून वीसहून जास्त माणसं गेली. उलट २०२३-२४ चा हिवाळा चांगल्या तगड्या एल निनोचा, आणि गुलमर्गचे उतार चिल्ला-ए-कलानचे, काश्मीरच्या सर्वांत कडक थंडीचे, चाळीस दिवस संपत आले तरी उघडे होते. बर्फ आला तो जानेवारीच्या अगदी शेवटी आणि फेब्रुवारीत. हंगामी निर्देशांक तीन महिन्यांचं पारडं थोडं झुकवतात. तुमची बॅच सहा दिवसांची आहे. त्या सहा दिवसांत एक चांगला झंझावात आला की ला निना काही आडवी येत नाही.

एडिसनकर
पोलर व्होर्टेक्सचा नकाशा बहुधा आमच्याकडून, न्यू जर्सीतल्या कुठल्या तरी ग्रूपमधून आला असेल, म्हणून लिहितो. इथलं गणित हिमालयाच्या उलट आहे. अटलांटिक शेजारीच, त्यामुळे ओलाव्याची ददात नाही. अडतं ते थंडीवर. अटलांटिक दोलन ऋण झालं आणि ग्रीनलंडवर जास्त दाबाचा बांध बसला की कॅनडाची थंड हवा पूर्व किनाऱ्यावर अडकून राहते, किनाऱ्याने चढणारी वादळं रेंगाळतात आणि फूटफूट बर्फ टाकतात. २००९-१० मध्ये एल निनो होता आणि ध्रुवीय दोलन (ध्रुवाभोवतीच्या दाबाचा तसाच निर्देशांक) खोल ऋण. फिलाडेल्फियात हंगामात ७८.७ इंच पडला, तो आजही विक्रम आहे.

पण इथेही एका आकड्यावर विसंबू नये. २०१४-१५ मध्ये बॉस्टनला ११०.६ इंच पडला तेव्हा अटलांटिक दोलन चक्क धन होतं. थंडी आली ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ठाण मांडलेल्या जास्त दाबामुळे.

दाबरेषा
एडिसनकरांनी नेमकं बोट ठेवलंय. जानेवारीत ३,००० मीटरवर थंडी असतेच, ती सायबेरियातून मागवावी लागत नाही. हिमालयात अडतं ते ओलाव्यावर आणि हवा वर उचलली जाण्यावर. त्यामुळे व्होर्टेक्स फुटल्याची बातमी सांक्रीसाठी जवळजवळ निरुपयोगी.

बघायचं काय ते सांगतो. हवामान खात्याचं रोजचं बुलेटिन उघडा. त्यात झंझावाताचं वर्णन ठरावीक साच्यात असतं : ५.८ किमी उंचीवर ट्रफ (म्हणजे तोच झोळ), अमुक पूर्व रेखांशावर, तमुक अक्षांशाच्या उत्तरेला. ५.८ किमी म्हणजे ५०० हेक्टापास्कल हवादाबाची पातळी. ट्रफ दिवसाला ढोबळमानाने आठ-दहा रेखांश सरकतो. सांक्री ७८ च्या आसपास आहे, म्हणजे ६५ वर दिसलेला ट्रफ दीड दिवसात डोक्यावर. बर्फ मात्र ट्रफच्या पुढच्या बाजूला पडतो, त्यामुळे सुरुवात त्याआधीच होते.

मग अक्षांश. "३० च्या उत्तरेला" लिहिलं असेल तर झोळ उथळ. काश्मीर-लाहौलला काहीतरी मिळेल, उत्तराखंड बहुतेक कोरडा. "२५ च्या उत्तरेला" किंवा त्याहून खाली आला तर कान टवकारा. त्यासोबत नैऋत्य राजस्थानावर खालच्या थरात चक्राकार वारे आणि "अरबी समुद्रातून आर्द्रतेचा पुरवठा" ही दोन वाक्यं आली तर झंझावात भरलेला आहे. ही वाक्यं नसतील तर तो रिकाम्या टँकरसारखा, आवाज मोठा आणि पाणी नाही.

शेवटी ३.१ किमीवरचा, म्हणजे ७०० हेक्टापास्कलचा वारा बघा. डोंगररांगा वायव्य-आग्नेय पसरल्या आहेत, त्यामुळे नैऋत्येचा वारा त्यांना काटकोनात धडकतो आणि वर चढतो. ताशी ५० किमीच्या आसपासचा ओला नैऋत्य वारा बारा तास टिकला तर चांगला बर्फ. तोच वारा वायव्येचा झाला की रांगेला समांतर घसरत जातो आणि हाती फारसं लागत नाही.

द्राक्षबाग
जरा विषयांतर. हेच बुलेटिन आम्ही निफाडात थंडीसाठी वाचतो. झंझावात पूर्वेला सरकला की मागून उत्तरेचे वारे सुटतात आणि दोन-तीन दिवसांत इथला पारा उतरतो. झोळ फारच खाली आला आणि त्याला समुद्राचा ओलावा मिळाला तर गारपीट; २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात ती मराठवाडा-विदर्भापर्यंत गेली होती.

सह्यवाट
बुलेटिनचं समजलं. अजून एक. ॲप सांक्रीला उणे ३ आणि १५ सेंमी बर्फ दाखवतंय, आणि तिथला गाडीवाला म्हणतोय खाली पाऊसच पडणार. कोणाचं धरायचं?

हिमरेषा
गाडीवाल्याचं. ॲपच्या मागचं जागतिक मॉडेल डोंगराचे चौकोनी तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याची सरासरी उंची धरतं. सांक्री दरीत, सुमारे १,९५० मीटरवर. मॉडेलचा तुकडा समजा २,७०० चा. बरीच ॲप्स धरलेली उंची कोपऱ्यात लिहितात, ती शोधा. दर १,००० मीटरला साडेसहा अंश धरा. ७५० मीटर खाली म्हणजे जवळपास ५ अंश जास्त. उणे ३ चं अधिक २ झालं, आणि पाऊस पडला.

त्यापेक्षा शून्य अंशाची उंची बघा. बर्फाची रेषा सहसा तिच्या दोन-तीनशे मीटर खाली असते, कारण कण वितळायला तेवढं अंतर लागतं. शून्य २,६०० वर असेल तर सांक्रीत पाऊस, आणि जुडा का तालाबला, सुमारे २,७०० मीटरवर, बर्फ. जोराचा वर्षाव असेल तर वितळणारा बर्फच हवा थंड करतो आणि रेषा आणखी खाली सरकते. रात्री पाऊस आणि पहाटे अंगणात बर्फ, हे त्यातूनच होतं.

सेंटिमीटरवर विश्वास ठेवू नका, पाण्याचे मिलिमीटर बघा. शून्याच्या आसपास १० मिमी पाण्याचा ८ ते १० सेंमी ओला, जड बर्फ होतो. उणे सहा-सातला १२ ते १५ सेंमी भुरभुरीत. हे पडतानाचं माप आहे. दुसऱ्या दिवशी तो दबून बराच कमी दिसतो आणि लोक म्हणतात अंदाज चुकला.

सगळ्यात वाईट क्रम म्हणजे झंझावाताच्या तोंडाशी ऊबदार हवा, जुन्या बर्फावर पाऊस, आणि मागून थंड वायव्य वारे. पायवाटेवर काच बसते. तिथे गेटर्सचा (बुटांवर चढवायच्या पायपट्ट्यांचा) उपयोग नाही, प्रत्येकाकडे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाखाली लावायचे धातूचे दात, हवेत.

दाबरेषा
दहा दिवस आधी फक्त एवढंच बघा की झोतवाऱ्यात मोठा झोळ येतोय का. तारीख ठरवू नका. पाच दिवस आधी युरोपीय आणि अमेरिकी मॉडेल शेजारी ठेवा. ट्रफच्या वेळेत दोघांत दिवसाहून जास्त फरक असेल तर तेवढा एक दिवस राखीव धरा. ७२ तासांपासून बुलेटिन, शेवटच्या २४ तासांत इन्सॅट उपग्रहाचं चित्र. २४ तासांत ३० सेंमीहून जास्त पडला आणि वर वारा असेल तर माथ्याची चढाई एक-दोन दिवस थांबवा. वाऱ्याआडच्या उतारांवर बर्फाची सैल गादी साचते. डीआरडीओच्या डीजीआरई या प्रयोगशाळेचं हिमस्खलन बुलेटिन उत्तरकाशी जिल्ह्यासाठीही निघतं, तेही बघा. आणि गाडी बर्फात अडकली तर हीटर लावून झोपायचं नाही. सायलेन्सर बर्फाने बुजतो आणि धूर आत येतो. बॅचच्या ड्रायव्हरला फावडं ठेवायला सांगा.